मक्याचा वांझ तुरा



मक्याच्या ताटाची घडण इतर तृणधान्यांपेक्षा निराळी आहे. गव्हाच्या किंवा भाताच्या एकाच इवल्याशा फुलात नर आणि मादी शेजारी नांदतात. मक्याचे तसे नाही. नर वर, शेंड्याच्या तुऱ्यात. मादी खाली, पानाच्या बगलेतल्या कणसात. तुऱ्यातून पराग सुटतो, वाऱ्यावर उडतो आणि कणसाच्या केसांवर येऊन बसतो. एकेक केस एकेका दाण्याचा. ज्या केसाला पराग मिळाला नाही त्याचा दाणा भरायचा नाही. कणीस सोलले की तिथे फट दिसते. शिक्षकांनी हे मुलांना जरूर दाखवावे. सकाळी दव उडाल्यावर तुऱ्याखाली पाटी धरून हलकी टिचकी मारली की पाटीवर पिवळी धूळ पडते. खर्च काही नाही, आणि पुस्तकातल्या आकृतीपेक्षा हे मुलांच्या डोक्यात पक्के बसते.

आज आपण या तुऱ्याची, म्हणजे त्यातल्या परागकोशाची हकिगत पाहणार आहोत. एक लहानसे प्रथिन त्या परागकोशात काय करते याचा शोध घेताना शास्त्रज्ञांची पंचवीस-तीस वर्षे गेली, आणि मधल्या काळात त्याच प्रथिनापायी एका बलाढ्य देशाचे पीक करपले.

सुरुवात संकरित बियाण्यापासून करावी लागते. अमेरिकेत जॉर्ज शल नावाच्या शास्त्रज्ञाने १९०८ साली दाखवून दिले की मक्याचे वाण पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्याच परागावर वाढवले तर ते खुरटते, पण अशी दोन खुरटी वाणे एकमेकांशी जुळवली तर त्यांची संतती जोमदार निपजते. पुढे डोनाल्ड जोन्स याने दुहेरी संकराची युक्ती काढली, त्यामुळे बियाणे स्वस्त झाले. दुसरे महायुद्ध संपेपर्यंत अमेरिकेच्या मका पट्ट्यातली जवळजवळ सगळी शेती संकरित बियाण्यावर गेली होती.

पण हे बियाणे तयार करायचे म्हणजे मोठी मेहनत. शेतात नर वाणाच्या एक-दोन ओळी आणि मादी वाणाच्या चार-सहा ओळी, असे पेरायचे. मादी ओळींचा पराग त्यांच्याच कणसावर पडला तर संकर झालाच नाही! म्हणून त्या ओळींतल्या प्रत्येक ताटाचा तुरा फुलण्याआधी उपटून काढायचा. दर वर्षी उन्हाळ्यात शाळा-कॉलेजांची हजारो मुले या कामाला लागत. पहाटेच्या दवात भिजायचे, दुपारी उन्हात भाजायचे, मक्याच्या पात्यांनी हात कापून घ्यायचे. चार तुरे राहून गेले तरी बियाणे बाटायचे. बियाणे कंपन्यांना याची मजुरी फार जड जात होती. मादीचा तुरा आपणहूनच वांझ निघाला तर किती बरे होईल, असे त्यांना वाटे.

तसा वांझ तुरा निसर्गात होता. मार्कस ऱ्होड्स याने १९३१ साली एका मक्याची नोंद केली, त्याच्या तुऱ्यात परागच धरत नसे. गंमत अशी की हा गुण बापाकडून येत नव्हता, फक्त आईकडून येत होता. याचे कारण थोडक्यात सांगतो. पेशीच्या मध्यभागी केंद्रक असते आणि भोवती पेशीरस. परागातून मुलाला केंद्रकाचा वाटा मिळतो. पेशीरस मात्र सगळा आईचा. तेव्हा वांझपणाचे बीज पेशीरसात कुठेतरी दडलेले असणार, हे उघड झाले. टेक्सासमध्ये ‘गोल्डन जून’ नावाच्या वाणात असाच एक पेशीरस सापडला. रॉजर्स आणि एडवर्ड्‌सन यांनी १९५२ साली तो बियाणे तयार करण्यासाठी कसा वापरावा हे लिहून काढले. त्याला पुढे नाव पडले ‘टेक्सास पेशीरस’, आणि लाडाने नुसते ‘टी’.

आता कोणी विचारील, मादी वांझ तुऱ्याची, तर तिची संततीही वांझ तुऱ्याची होणार. मग शेतकऱ्याच्या शेतात दाणा भरणार कसा? शंका अगदी रास्त आहे. त्यावर उपाय असा की बाप निवडताना असा निवडायचा, की ज्याच्या केंद्रकात वांझपण मोडून काढणारे गुणबीज आहे. मग संततीच्या तुऱ्यात पुन्हा पराग धरतो. आपल्याकडे ज्वारी-बाजरीच्या बीजोत्पादनात याच तीन ओळी वापरतात: एक वांझ मादी, एक तिचा वंश टिकवणारी आणि एक पराग परत आणणारा नर. ज्यांनी बीजोत्पादनाचे प्लॉट घेतले आहेत त्यांना हे नवे नाही.

तर ‘टी’ पेशीरसाने अमेरिकेतला तुरे उपटण्याचा खर्च वाचला. हा पेशीरस इतका भरवशाचा निघाला, की १९७० सालापर्यंत तिथल्या संकरित मक्याच्या बियाण्यापैकी सुमारे ८५ टक्के बियाणे त्याच्यावर उभे होते. नावे शेकडो, पिशव्यांचे रंग निराळे, कंपन्या निराळ्या. आई मात्र सगळ्यांची एक.

धोक्याची सूचना आधी मिळाली होती. १९६१ साली फिलिपिन्समधील मर्काडो आणि लांतिकान या दोघांनी लिहिले की टेक्सास पेशीरसाच्या मक्यावर पानांचा करपा फार जोराने पडतो. साध्या पेशीरसाचा मका मात्र शेजारीच तग धरतो. अमेरिकेत हे वाचले गेले, पडताळूनही पाहिले गेले. पण तिथल्या बुरशीची जात त्या वेळी वेगळी होती, म्हणून फरक दिसला नाही. फिलिपिन्सच्या दमट हवेचा परिणाम असेल, असे म्हणून गोष्ट मागे पडली. मला वाटते, लांबच्या गरीब देशातली तक्रार तिथल्या हवेच्या नावावर खपवणे नेहमीच सोपे जाते.

१९६९ साली मका पट्ट्यातल्या काही शेतांत टेक्सास पेशीरसाच्या मक्यावर करप्याचे चमत्कारिक डाग दिसले. १९७० च्या आरंभी रोग फ्लॉरिडात उमटला. त्या साली हवा उबदार आणि ओलसर होती. बुरशीचे बीजाणू वाऱ्यावर स्वार होऊन उत्तरेकडे सरकत गेले आणि उन्हाळा संपण्याआधी इलिनॉय, आयोवा ही मक्याची आगरे गाठून पार कॅनडापर्यंत पोचले. ही बुरशी पानावर थांबली नाही. खोडात शिरली, कणसाच्या आवरणात शिरली, दाणा काळा पडून कुजला. दक्षिणेकडच्या कित्येक शेतांत निम्म्याहून अधिक पीक गेले, काही ठिकाणी कापणीच झाली नाही. सगळ्या देशाचा हिशेब केला तर सुमारे १५ टक्के मका बुडाला. पैशांत मोजायचे तर सुमारे १०० कोटी डॉलर.

अमेरिकेत मका माणसांपेक्षा गुरे-डुकरे-कोंबड्या अधिक खातात, म्हणून तिथे उपासमार झाली नाही. हाच घाला ज्या देशात मक्याची भाकरी हेच जेवण आहे तिथे पडला असता तर काय झाले असते, याचा विचार ज्याचा त्याने करावा. त्या हिवाळ्यात बियाणे कंपन्यांनी हवाई बेटे आणि दक्षिण गोलार्धातल्या देशांत साध्या पेशीरसाचे बियाणे घाईघाईने वाढवले. १९७२ साली बहुतेक शेते पुन्हा जुन्या पेशीरसावर आली, आणि पोरेही पुन्हा तुरे उपटायला शेतात उतरली.

शेतातला प्रश्न असा दोन वर्षांत मिटला. प्रयोगशाळेतला प्रश्न मात्र आता कुठे सुरू झाला होता. टेक्सास मक्यातच असे काय होते, की बुरशीने त्यालाच गाठावे? आणि तुरा वांझ होणे व पान करपणे या दोन गोष्टींचा संबंध काय? एक गोष्ट वर परागकोशात घडते, दुसरी पानावर.

पहिला धागा लवकर हाती लागला. ही बुरशी एक विष सोडते. इलिनॉय विद्यापीठातील मिलर आणि केपी यांनी १९७१ साली मक्याच्या पेशींतल्या तंतुकणिका वेगळ्या काढल्या. इंग्रजी पुस्तकांत यांना मायटोकाँड्रिया म्हणतात. पेशीच्या या चुली होत; साखर जाळून पेशीला लागणारी शक्ती इथे तयार होते. साध्या मक्याच्या तंतुकणिकांवर विष घातले, त्यांना काही झाले नाही. टेक्सास मक्याच्या तंतुकणिकांवर घातले, तर त्या टरारून फुगल्या आणि त्यांचे काम कोलमडले. म्हणजे दोष या चुलीत होता. तंतुकणिका पेशीरसातच असतात आणि आईकडूनच येतात, हेही आधीच्या हकिगतीशी बरोबर जुळले.

दुसरा धागा फ्लॉरिडातील वार्मके आणि ली यांनी पकडला, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तो अधिक महत्त्वाचा. त्यांनी परागकोशाचे अतिशय पातळ काप घेऊन ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिवसागणिक पाहिले. परागकोशाच्या आतल्या बाजूला पेशींचा एक थर असतो. आतल्या कोवळ्या परागकणांना दूध पाजणारी दाईच म्हणा ना. टेक्सास मक्यात परागाची तयारी सुरू होताच या दाईच्या पेशींमधल्या तंतुकणिका आधी बिघडतात, मग दाई मरते आणि मग पोटचे परागकण सुकून जातात. त्यांनी आणखी एक मोजमाप केले. निरोगी परागकोशात याच सुमारास या थरातील पेशींमधल्या तंतुकणिकांची संख्या चाळीसपट होते! पराग घडवायला इतकी शक्ती लागते. ताटाच्या बाकी कुठल्याही भागावर एवढा ताण येत नाही. तेव्हा चुलीत थोडीशी खोट असेल तर ती पानात, मुळात, खोडात खपून जाते; परागकोशात मात्र ती उघडी पडते, असा तर्क त्यांनी १९७८ साली मांडला.

पण खोट नेमकी कसली? त्याच १९७८ साली एडिंबरा येथे फोर्ड, ऑलिव्हर आणि लीव्हर यांनी साध्या आणि वांझ मक्याच्या तंतुकणिका घेतल्या आणि त्या कोणकोणती प्रथिने तयार करतात ते शेजारी-शेजारी लावून पाहिले. पद्धत अशी, की प्रथिने एका चिकट लुकणासारख्या थरात सोडून वीज खेळवायची. हलकी प्रथिने पुढे पळतात, जड मागे राहतात आणि पट्ट्या उमटतात. टेक्सास मक्यात एक पट्टी जास्तीची निघाली. तेरा हजार भाराचे एक लहानसे प्रथिन, साध्या मक्यात मुळीच नसलेले. आणि पराग परत आणणारे गुणबीज ज्या झाडात घातले होते, त्या झाडात ही पट्टी फिकी पडलेली.

उत्तर कॅरोलायनातील लेव्हिंग्ज आणि त्यांचे सहकारी दुसऱ्या वाटेने निघाले होते. तंतुकणिकांना स्वतःचा वेगळा आनुवंशिक मजकूर असतो. तो टेक्सास मक्यात निराळा आहे हे लेव्हिंग्ज आणि प्रिंग यांनी १९७६ सालीच दाखवले होते. १९८६ साली ड्यूई, लेव्हिंग्ज आणि टिमोथी यांनी त्यातून नेमके ते गुणबीज शोधून काढले. ते वाचून पाहिल्यावर सर्वांना नवल वाटले. हे कोणतेही अस्सल गुणबीज नव्हते. तंतुकणिकेतल्या दुसऱ्याच कामांच्या गुणबीजांचे तुकडे इकडून तिकडून येऊन जोडले गेले आणि त्यातून ११५ अमिनो आम्लांच्या साखळीचा हुकूम आपोआप लिहिला गेला. फाटक्या कागदांचे कपटे वाऱ्याने एकत्र यावेत आणि त्यातून वाचता येईल असे एक वाक्य बनावे, तसा हा प्रकार!

१९८८ साली त्यांनी हे गुणबीज साध्या जंतूत घातले. या जंतूला ना पान, ना तुरा. तरी ते प्रथिन अंगात आल्याबरोबर बुरशीच्या विषाने त्याचा श्वास कोंडू लागला. आता संशय उरला नाही. हे प्रथिन तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यात बसते. बुरशीचे विष त्याला येऊन चिकटले की त्या पडद्याला भोके पडतात. चुलीचे झाकणच फुटले तर आच राहणार कशी? मिथोमिल हे कीटकनाशकही टेक्सास मक्याला बाधते, साध्या मक्याला तसे बाधत नाही. त्याचेही कारण हेच प्रथिन निघाले.

मधल्या काळात वांझपण ठेवून करपा तेवढा टाळता येईल का, याची बरीच खटपट झाली. मिनेसोटातील गेंगेनबाख आणि सहकाऱ्यांनी १९७७ साली टेक्सास मक्याच्या पेशी बाटलीत वाढवल्या, त्यांना विष पाजले आणि ज्या जगल्या त्यांच्यापासून पूर्ण झाडे तयार केली. झाडांनी विष पचवले खरे. पण तुरे आले, आणि ते परागाने भरलेले निघाले! सुटका झाली की वांझपण गेलेच. पुढे कारण कळले: जगलेल्या झाडांत ते गुणबीजच गळून पडले होते किंवा मोडले होते. वांझ तुरा आणि करपा हे दोन गुण नव्हतेच. एकाच प्रथिनाची ती दोन कामे होती. मजुरी वाचवणारे आणि पीक बुडवणारे एकच.

पराग परत आणणाऱ्या गुणबीजांची कथाही मजेची आहे. ती दोन लागतात. पहिल्याने त्या प्रथिनाचे प्रमाण कमी होते. दुसरे मात्र प्रथिनाला हातही लावत नाही. १९९६ साली त्याचा उलगडा झाला, तेव्हा ते पेशीतली काही विघातक द्रव्ये निकामी करणारे एक विकर तयार करते असे दिसले. म्हणजे एक जण घाण टाकणाऱ्याचा हात धरतो आणि दुसरा मागे झाडू घेऊन उभा राहतो.

आता आपल्या मुलखाकडे वळू. टेक्सास मक्याची ही आपत्ती आपल्याकडे आली नाही, पण त्याच जातीचा एक धडा बाजरीने दिला. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील टिफ्टन येथे ग्लेन बर्टन यांनी ‘टिफ्ट २३ ए’ ही वांझ बाजरी तयार केली. तिच्यापासून लुधियान्यात ‘एच.बी. १’ हा संकर निघाला आणि १९६५ साली शेतकऱ्यांच्या हाती आला. मागोमाग आले ते एच.बी. २, ३, ४, ५; सर्वांची आई तीच. १९७०–७१ साली देशात सुमारे ८० लाख टन बाजरी पिकली. त्यानंतरच्या वर्षांत या संकरांवर केवडा, ज्याला आपल्याकडे गोसावी म्हणतात तो रोग कोसळला. कणीस भरण्याऐवजी त्या जागी हिरव्या पात्यांचा जटेसारखा झुपका यायचा. उत्पन्न खाली आले. त्यात दुष्काळाचाही वाटा होताच.

पण इथे एक भेद नीट ध्यानात ठेवला पाहिजे. बाजरीत दोष पेशीरसाचा नव्हता. पुढे निरनिराळ्या पेशीरसांवरची बाजरी शेजारी-शेजारी लावून पाहिली, तेव्हा गोसावीचा आणि वांझपणाचा संबंध आढळला नाही. दोष होता त्या एकाच आईच्या केंद्रकात, आणि तीच आई सगळीकडे पेरली गेली यात. म्हणून पैदासकारांनी पेशीरस तोच ठेवून नव्या, रोग सोसणाऱ्या माद्या घडवल्या आणि संकरित बाजरी पुन्हा उभी राहिली. आजही आपल्या देशातले बाजरीचे बहुतेक संकर त्याच पेशीरसावर आहेत. ज्वारीचेही तसेच. १९६४ साली आलेल्या ‘सी.एस.एच. १’ पासून पुढचे जवळजवळ सर्व संकर ‘मायलो’ नावाच्या एकाच पेशीरसावर चालले आहेत. साठ वर्षांत त्याने दगा दिलेला नाही. टेक्सास मकाही आपल्या पहिल्या काही वर्षांत निर्धोकच दिसत होता, एवढे मात्र नोंदवून ठेवतो. पैदासकारांनी ज्वारी-बाजरीत इतर वांझ पेशीरस शोधून ठेवले आहेत ते याचसाठी.

भाताची गोष्ट अजून ताजी आहे. चीनमध्ये युआन लाँगपिंग यांच्या सहकाऱ्यांना १९७० साली हैनान बेटावर एक वांझ रानभात सापडला आणि १९७६ पासून त्यावरचा संकरित भात तिथे मोठ्या प्रमाणावर पेरला जाऊ लागला. कर्जतच्या भात संशोधन केंद्रातून १९९८ साली निघालेला ‘सह्याद्री’ हा संकरही याच पेशीरसाच्या मादीपासून आहे. या भाताला वांझ करणारे प्रथिन २०१३ साली चिनी शास्त्रज्ञांनी शोधून काढले. तेही तंतुकणिकेतलेच, तेही तुकड्या-तुकड्यांचे जुळलेले, आणि त्याचा घाव बसतो तो परागकोशातल्या त्याच दाईच्या थरावर. फरक इतकाच की मक्यातले प्रथिन मुळापासून शेंड्यापर्यंत सगळीकडे असते, आणि म्हणून बुरशीच्या विषाला पानातही सापडते. भातातले मात्र नेमके परागाच्या ऐन वेळी, त्या एका थरातच साठते. पानाला त्याची झळ नाही.

अमेरिकेत मक्याचे बियाणे आजही बरेचसे तुरे काढूनच तयार होते. बहुतेक तुरे आता यंत्र उपटते किंवा कापते. यंत्राच्या पुढून जी ताटे निसटतात, त्यांच्यासाठी मागून माणसे ओळीओळीने चालत असतात.